अकराशे चाळीस म्हातारे आणि मी

राज्यात किती माणसं कामावर आहेत, किती बेकार आहेत आणि किती जण यातल्या कशातच मोडत नाहीत, हे माझ्याइतकं अचूक सांगणारा माणूस या शहरात दुसरा नसेल! हे वाक्य मी तीनदा खोडलं आणि तीनदा पुन्हा लिहिलं. एकतीस वर्षं मी सांख्यिकी कार्यालयात रोजगाराच्या मासिक पत्रिकेचं काम केलं, तेव्हा एवढी फुशारकी चालून जावी. चालत नसेल तर वाचकांनी ते वाक्य सोडून पुढे जावं. पुढे तशीही माझी फजितीच आहे.

आमचं काम सांगायला सोपं. दर महिन्याला राज्यातली काही घरं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची आणि त्याच घरांत ओळीने चार महिने जायचं. आमचा गणक विचारणार, गेल्या सात दिवसांत घरातल्या कोणी काय काम केलं? मोबदल्याचं किंवा घरच्या धंद्यातलं काम एक तास जरी केलं, तरी तो माणूस रोजगारात. काम नाही पण शोधतोय, तर बेकार. काम नाही आणि शोधतही नाही, तर तो श्रमशक्तीच्या बाहेर. म्हणजे आमच्या लेखी तो फक्त जेवतो.

आणि निवडलेलं प्रत्येक घर हे बाहेरच्या अकराशे चाळीस घरांच्या वतीने बोलतं. त्या घरात एक सुतार निघाला तर राज्यात अकराशे चाळीस सुतार धरायचे. त्यामुळे एका माणसाने थाप मारली की अकराशे चाळीस माणसं एका सुरात थाप मारतात. हे मी नव्या गणकांना इतक्या वेळा ऐकवलं की माझ्यामागे ते मलाच 'अकराशेचाळीस' म्हणायला लागले. मला ते ठाऊक होतं. ठाऊक नसल्यासारखं मी वागत असे, कारण भांडण्याचं धाडस माझ्या अंगात कधीच नव्हतं.

मी निवृत्त झालो त्या दिवशी साहेब भाषणात म्हणाले, की यांच्यावाचून आमचं पान हलणार नाही, यांनी येत जावं अधूनमधून. हे वाक्य साहेब प्रत्येकाला म्हणतात. मी स्वतः अकरा निरोपसमारंभांत ते ऐकलं होतं, आणि गेलेला माणूस परत आला की सगळे कसे कागदांत डोकं खुपसतात तेही पाहिलं होतं. पण त्या दिवशी गळ्यात हार होता. हार घातलेल्या माणसाची अक्कल हाराच्या वर येत नाही.

घरी आलो तर मेव्हणे बसलेले. हिचे थोरले भाऊ. त्यांना निवृत्तीनंतर एका कंपनीने सल्लागार म्हणून ठेवून घेतलं, त्याला सहा वर्षं झाली, आणि ते अजून ही बातमी आम्हाला नव्याने सांगतात.

"मग जावईबुवा, उद्यापासून घरीच?"

"नाही," कोणीतरी म्हणालं. "ऑफिसने बोलावलंय. पत्रिका तपासायला. रोज."

मला आधी वाटलं, शेजारच्या खोलीतून कोणी बोललं. मग पाहिलं तर सगळे माझ्याकडे बघत होते. हिचा चेहरा असा उजळला की त्याच्या उजेडात पुस्तक वाचता आलं असतं. संध्याकाळपर्यंत तिने चार नातेवाइकांना फोन केले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या हातात डबा ठेवला.

डबा भरला गेला की माणसाला जावंच लागतं.

मी गेलो. ऑफिसच्या उलट्या दिशेच्या बसने शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो आणि तिथल्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसलो. दुसऱ्या दिवशीही गेलो. तिसऱ्या दिवशी खिडकीखालची खुर्ची माझी झाली. अकरा ते पाच. बरोबरीला माझ्याच वयाचे तिघे होते. नावं आम्ही एकमेकांना कधी विचारली नाहीत. एक शब्दकोडं सोडवत असे, दुसरा शेअरबाजाराचं पान वाचून उसासे टाकत असे आणि तिसरा झोपत असे. मनातल्या मनात मी त्यांना शब्दकोडं, शेअरबाजार आणि डुलकी म्हणत होतो. ते मला काय म्हणत होते कोण जाणे. बहुधा डबा.

खरं सांगायचं तर मी सुखात होतो. टोचणी होती, नाही असं नाही. संध्याकाळी ही विचारायची, आज काय केलं ऑफिसात? मग मला वाचनालयाचा दिवस ऑफिसच्या भाषेत सांगावा लागे. दुसऱ्या महिन्यात वाचनालयाला नवे पडदे आले, निळे, जाडसर. माझ्या टकलावर पडणारं ऊन थांबलं. त्या आनंदात मी घरी बोलून गेलो, की ऑफिसला नवे पडदे लावलेत.

"हो का? कसे आहेत?" हिने विचारलं.

"कापड उत्तम. शिलाई जरा तिरकी आहे. खालची दुमड एका बाजूला बोटभर उतरलीय."

त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं. मला वाटलं, वय होत चाललंय तिचं.

चौथ्या महिन्यात एका रविवारी सकाळी दारावरची घंटा वाजली. बाहेर पन्नाशीचा एक गृहस्थ, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट. आमचं घर रोजगाराच्या पाहणीत निवडलं गेलं होतं! आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं वाटणाऱ्या पोस्टमनला पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं पाकीट यावं, तसं मला झालं. गणक नवा होता, मला ओळखत नव्हता. मी त्याला बसवलं, पंखा लावला आणि आता याला आदर्श उत्तरं कशी असतात ते दाखवतो, अशा बेताने खुर्ची पुढे ओढली.

त्याने विचारलं, "गेल्या सात दिवसांत तुम्ही काही काम केलं का?"

समोर टॅबलेट होता. मागे, स्वयंपाकघराच्या दारात, ही उभी होती. एकीकडे एकतीस वर्षांचं खरं, दुसरीकडे चार महिन्यांचा डबा. मी घसा खाकरला. चष्मा पुसला. दुसऱ्यांदा पुसला.

"हे जातात की," मागून आवाज आला. "सांख्यिकी ऑफिसात. रोज अकरा ते पाच."

गणकाने मान वर केली. "आमच्याच ऑफिसात?"

"तुमच्याच."

"कुठल्या विभागात असता, सर?"

"तळमजला," मी म्हणालो.

आमच्या ऑफिसच्या तळमजल्यावर फक्त सायकली ठेवतात. पण तो नवा होता. त्याने लिहून घेतलं. मग तास विचारले. सहा दिवस, सहा तास, छत्तीस. जेवणाची सुटी वजा केली का, असं त्याने विचारताच मी प्रामाणिकपणे रोजचा अर्धा तास वजा केला. तेहतीस. थाप मारावी तर अशी, की तिच्यातून जेवणाची सुटीसुद्धा वजा झालेली असावी!

"आणि या?" त्याने हिच्याकडे बोट केलं.

विषय बदलला म्हणून मला इतकं हायसं वाटलं, की माझा जुना ऑफिसातला आवाज आपोआप परत आला. "गृहकृत्यं," मी म्हणालो. "श्रमशक्तीच्या बाहेर. पुढे चला."

ही क्षणभर माझ्याकडे बघत राहिली आणि आत गेली. मला वाटलं, गॅसवर काहीतरी असेल.

पुढचे काही दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. बसमध्ये चढताना मागे वळून बघायचो. मला दिसायचं, की माझ्यामागे अकराशे चाळीस म्हातारे रांगेत उभे आहेत. सगळ्यांच्या हातात डबा. सगळे तळमजल्यावर निघालेत. सगळे तेहतीस तास. आणि मग पत्रिका निघाली.

त्या दिवशी शब्दकोड्याने कोडं बाजूला ठेवून बातमी मोठ्याने वाचली. "साठीपुढच्या पुरुषांच्या रोजगारात नऊ हजारांची वाढ." माझ्या हातातलं मासिक खाली पडलं. त्याच बातमीत खाली साठीपुढच्या बायकांबद्दलही एक ओळ होती, ती माझ्या डोक्यात शिरलीच नाही. चोराच्या मनात चांदणं असलं की त्या उजेडात त्याला फक्त स्वतःची सावली दिसते. मी डब्याच्या झाकणावर बोटाने भागाकार केला. नऊ हजारांत मी जवळजवळ एक अष्टमांश होतो!

संध्याकाळी रेडिओवर एका तज्ज्ञाने वीस मिनिटं या वाढीची कारणं सांगितली. आयुर्मान वाढलंय, अनुभवाला मागणी आलीय, ज्येष्ठांमध्ये नवी उमेद आहे. ही दाद दिल्यासारखी मान डोलवत होती. मला वाटलं, उठावं, रेडिओ स्टेशनला फोन करावा आणि सांगावं, की बाबा रे, उमेद वगैरे काही नाही, मेव्हणे आले होते. पण परक्या माणसाला फोन करायचा म्हटलं की माझ्या तळहाताला घाम सुटतो.

इथवर निभावलं असतं. पण ही बातमी घरोघरच्या बायकांनीही वाचली होती.

दुसऱ्या आठवड्यात शेअरबाजार दिसेनासा झाला. शब्दकोड्याकडून कळलं, की त्याच्या बायकोने बातमी कापून आरशाला चिकटवली आणि विचारलं, नऊ हजार जण जातात, तुम्हाला काय धाड भरलीय? आता तो एका इस्पितळाच्या वाहनतळावर पावत्या फाडत होता. चार दिवसांनी शब्दकोडंही गेलं. त्याच्या भाच्याचा छापखाना होता, तिथे मुद्रितं तपासायला. जाताना मला म्हणाला, तुमचं बरंय, तुमच्या घरी कोणी वर्तमानपत्र वाचत नसणार. मग एके दिवशी डुलकीसुद्धा आला नाही. त्याला म्हणे रखवालदाराचं काम मिळालं. झोपेचा एवढा अनुभव असलेला माणूस योग्य जागी पोचला, याचं मला बरं वाटलं. माझी थाप खरी व्हायला लागली होती. माझ्यावाचून!

वाचनालयात मी एकटा उरलो. ग्रंथपाल मनुष्य सज्जन, पण तोही आकड्यांचा गुलाम. त्याच्या वहीत रोजच्या वाचकांची नोंद असे. चारांचा एक झाला म्हणजे पंच्याहत्तर टक्के घट, असं त्याने वर कळवलं. वरून हुकूम आला, की वाचनालय यापुढे आठवड्यातून तीनच दिवस उघडं ठेवावं. ग्रंथपालाने मला तो कागद दाखवला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. माझेही होते, पण कारण वेगळं होतं. डबा तर सहा दिवस भरला जात होता.

उरलेले तीन दिवस मी कुठे कुठे काढले ते सांगायला लाज वाटते. एक दिवस बसच्या आगारात. दोन दिवस एका दवाखान्याच्या बाकावर, कारण तिथे पंखा होता आणि जुनी मासिकं होती. तिथली परिचारिका फिरून फिरून माझ्याकडे बघायला लागली, म्हणून भिडेखातर मी एक टोकन घेतलं. टोकन घेतल्यावर नंबर लागतो हे माझ्या लक्षातच आलं नाही! आत डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला आणि विचारलं, कसली काळजी आहे का? मी म्हणालो, राज्याच्या रोजगाराची. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि एखाद्या वाचनालयात जाऊन शांत बसत जा, असा सल्ला दिला.

मी घरी परतलो तर टपालात कार्यालयाचं पत्र होतं. पाहणीची दुसरी भेट येत्या रविवारी. या वेळी फेरतपासणीसाठी पर्यवेक्षिका स्वतः येतील. खालची सही मी ओळखली आणि माझी पाचावर धारण बसली.

तिला आम्ही 'टाचणी' म्हणत असू. माझ्या हाताखाली नऊ वर्षं होती. चुकीचा फॉर्म तिच्या नजरेतून सुटला असं एकदाही झालं नाही. ती त्याला चिठ्ठी टाचून माझ्या टेबलावर ठेवायची, अगदी हळू, जणू फॉर्मला दुखेल. आता ती रोज त्याच ऑफिसात बसत होती, आणि आमच्या घराच्या फॉर्मवर लिहिलं होतं की मी तिच्या पायाखाली तळमजल्यावर आठवड्याचे तेहतीस तास काम करतो.

पळून जावं का? पण फेरतपासणीचा नियम असा, की प्रत्येकाने आपलं उत्तर आपणच द्यायचं. माणूस घरी नसेल तर तीनदा परत यायचं. नियम चोख होता. मीच लिहिला होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

आता एकच मार्ग होता. टाचणी येण्याआधी हिला सगळं सांगून टाकायचं. बाकी जगाने मला खोटारडा म्हटलं तरी मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलो असतो. पण पाच महिने जिने रोज पहाटे उठून डबा भरला, कॉलर साफ आहे का पाहिली, तिने तो डबा दवाखान्याच्या बाकावर उघडला जातो हे परक्या बाईच्या तोंडून ऐकावं? ते मला सोसलं नसतं. गुरुवारी मी सुरुवात केली, "अगं, ऐक ना." ती म्हणाली, आधी त्या पँटवरचे दोरे झटका, कुठून आणता कोण जाणे. शुक्रवारी मी पुन्हा सुरुवात केली, तर ती म्हणाली, नंतर बोलू, मला घाई आहे. कसली घाई ते मी विचारलं नाही. शनिवारी मी सगळं एका कागदावर लिहिलं, वाचलं, त्यातली दोन वाक्यं दुरुस्त केली आणि कागद डब्याच्या पिशवीत ठेवला. तिथे तो भाजीच्या तेलात भिजला.

रविवारी ठीक दहाला टाचणी आली. केस थोडे पांढरे झाले होते, नजर तशीच. मला बघून दारातच थबकली.

"सर? हे तुमचं घर?"

ही चहा घेऊन आली. टाचणीने टॅबलेट उघडला आणि मागच्या महिन्याचा फॉर्म वाचला. वाचून झाल्यावर ती माझ्याकडे बघत नव्हती, हे मला फार लागलं. मान खाली घालून तिने हळू विचारलं, अगदी चिठ्ठी टाचायची तशी, "तळमजल्यावर, सर?"

मी हिच्याकडे पाहिलं. ही कपबशीकडे बघत होती.

"नाही," मी म्हणालो. "मी कुठेच कामाला जात नाही. मला कोणी बोलावलं नाही. मी वाचनालयात बसतो. ते बंद असलं की दवाखान्यात." मग मला कोणाकडे बघून बोलावं ते कळेना, म्हणून पंख्याकडे बघून बोललो. "डबा मात्र रोज संपवतो."

पंखा फिरत राहिला. मला वाटलं, आता कपबशी फुटणार.

"माहीत आहे मला," ही म्हणाली.

"काय?"

"वाचनालयाचं. दवाखान्याचं आत्ताच कळलं. बरं नाही का तुम्हाला?"

"मला बरं आहे. पण तुला कसं... कधीपासून?"

"खिडक्यांची मापं घ्यायला आले होते तेव्हापासून. पडदेवाल्याचा माणूस आजारी होता, म्हणून मलाच पाठवलं त्याने. तुम्ही बसला होता, तोंडावर वर्तमानपत्र. खिडकी नेमकी तुमच्या डोक्यावर. मी शेजारच्या स्टुलावर चढले, माप घेतलं, उतरले. तुम्ही घोरत होता."

मी खुर्चीचा हात धरला.

"आणि शिलाई तिरकी नव्हती," ती म्हणाली. "तुम्ही मान तिरकी करून बघता."

टाचणीने खोकल्याचं निमित्त केलं. मग सरळ बसली. "म्हणजे काकू, तुम्ही काम करता?"

"पडदे शिवते. दुकानदार कापड घरी पाठवतो. चार महिने झाले. हे डबा घेऊन निघाले की मशीन बाहेर काढायचं, हे यायच्या आत ठेवून द्यायचं. घर रिकामं, करायचं काय दिवसभर? सुरुवातीला यांना वाटायला नको, की यांचं पेन्शन पुरत नाही म्हणून बायको शिवायला बसली. आणि मग हे इतक्या आनंदाने खोटं बोलत होते, की म्हटलं, चाललंय ते चालू द्यावं."

"मग त्या गणकाला तू सांगितलंस कशाला, की मी ऑफिसात जातो?" मी विचारलं.

"परका माणूस दारात आलेला. तुम्ही चष्मा पुसत बसलात. त्याच्यासमोर तुमची लाज कशाला काढू?"

"आणि तुझं? तुझं का नाही सांगितलंस?"

"मला कोणी विचारलंच कुठे? तुम्हीच म्हणालात ना, बाहेर. पुढे चला."

टाचणीने आता पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "सर," ती म्हणाली, "तुमच्या वर्गाचं पहिलं वाक्य आठवतं?"

आठवत होतं. एकतीस वर्षं, प्रत्येक नव्या तुकडीला, फळ्यावर खडूने लिहून मी ते सांगत आलो होतो. "घरातल्या बाईला स्वतः विचारा," मी पुटपुटलो.

"दोनदा अधोरेखित करायचात."

मग तिने हिला रीतसर विचारलं. गेल्या सात दिवसांत किती तास? हिने बोटांवर मोजून सांगितलं, चौतीस. बाजारात जायचे दोन तास गेले म्हणून, नाहीतर छत्तीस भरले असते. माझ्या खोट्या तासांपेक्षाही एक तास जास्त! मागच्या महिन्याच्या त्या आठवड्यातही तेवढेच, असं ती म्हणाली. टाचणीने लिहून घेतलं. माझ्या ओळीतलं काम काढून टाकलं. मग दोन्ही ओळींकडे बघत राहिली आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही पसरलं, की मला तिचा पहिला बिनचुकीचा तक्ता आठवला.

"सर, घरात कामावर असलेली माणसं मागच्या महिन्यात किती लिहिली होती? एक. आता किती? एक."

मला समजायला वेळ लागला. मग समजलं. एक म्हातारा वजा, एक म्हातारी जमा. अकराशे चाळीस इकडे, अकराशे चाळीस तिकडे. राज्याचा एकूण रोजगार होता तिथेच होता! आम्ही दोघांनी मिळून एवढं खोटं बोलून बेरीज बरोबर आणली होती. एवढी अचूक बेरीज मला ऑफिसात खरं लिहूनसुद्धा कधी जमली नव्हती.

"पण ते नऊ हजार?" मी विचारलं. "ती बातमी?"

"त्यातले तुमचे अकराशे चाळीस जातील. बाकी सात हजार आठशे साठ खरेच कामाला लागले होते, सर. तुम्ही नसता तरी बातमी आलीच असती." ती थांबली. "बायकांची घट मात्र छापली होती आम्ही, अकराशे चाळिसाची. तिच्यावर एक तज्ज्ञ लेखही लिहिणार होता. त्याला कळवते."

"आणि दुरुस्ती?"

"पुढच्या अंकात. तळटीप."

तळटीप! पाच महिने ज्या पापाने मला बसच्या आगारात आणि डॉक्टरांच्या खोलीत फिरवलं, ते पाप पान क्रमांक बाराच्या तळाशी, बारीक टायपात, एका ओळीत मावणार होतं. एखाद्याला वाईट वाटलं असतं. मला इतकं हलकं वाटलं, की मी टाचणीच्या वाट्याचा चहाही पिऊन टाकला. खिडकीतून खाली रस्ता दिसत होता. माझे अकराशे चाळीस म्हातारे बसमधून उतरून, रिकामे डबे वाजवत, आपापल्या घरी निघालेत असं मला स्पष्ट दिसलं.

टाचणीने चहाचं मनावर घेतलं नाही. तिने शेवटची चौकट उघडली. या आठवड्यात माझ्याकडे काम नाही हे ठरलं. पण मी काम शोधतोय का? शोधत असेन तर बेकार, नसेन तर बाहेर. मी हिच्याकडे पाहिलं. या वेळी उत्तर देण्याआधी विचारावं, एवढं मी शिकलो होतो.

"लिही, शोधतायत म्हणून," ही तिला म्हणाली. "आणि उद्यापासून मिळालंय."

मशीन आता दिवसभर बाहेरच असतं. वाचनालयाच्या तीन दिवशी मी वाचनालयात जातो, डबा घेऊन, राजरोस. डुलकी परत आला आहे, रखवालीतून त्याला काढलं. बाकीचे तीन दिवस मी घरी पडद्यांच्या दुमडी शिवतो. मेव्हण्यांना हिने फोन करून सांगितलं, की यांनी ऑफिस सोडलं, आता माझ्याकडे सल्लागार आहेत.

मागच्या रविवारी तिसरी भेट झाली. तोच पन्नाशीचा गणक आला होता, आणि त्याला पढवून पाठवलेलं दिसत होतं, कारण तो सरळ स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून बसला. हिने तिचं सांगितलं, मग माझं विचारल्यावर मी माझं सांगितलं. घरच्या धंद्यात बिनपगारी मदतनीस. आमच्या व्याख्येप्रमाणे असा माणूस रोजगारात धरतात, तेव्हा अखेर मी खरोखरच कामावर होतो, आणि तेही फॉर्मवर.

"तास किती?" गणकाने विचारलं.

"शिवण्याचे नऊ," मी म्हणालो.

"आणि ते शिवलेलं मी उसवते, तेव्हा हे शेजारी बसून दोरे वेचतात," ही म्हणाली. "त्याचे अकरा. ते धरायचे का?"

गणकाने माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसला.

"धरायचे," मी म्हणालो. नियम तसाच आहे. मीच लिहिलाय.